मंडळीचा कर्ता कोण?

घर मोडतें तें दारिद्र्यानें क्वचित्, कारभारावरून बहुधा. चार भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, एखादी विधवा आत्या आणि एखादा न मिळवता काका ज्या घरांत एका छपराखालीं नांदतात, तेथें धान्य कमी पडलें तर सर्वजण मिळून अर्धपोटीं राहतात. परंतु सांगावें कोणी आणि ऐकावें कोणी, हा प्रश्न एकदां उभा राहिला म्हणजे भरल्या कोठारांतहि दुसरी चूल मांडली जाते. आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचें उत्तर ज्येष्ठतेंत शोधलें, कोर्टकचेऱ्यांनीं तें कायद्यांत शोधलें, आणि अलीकडचीं घरें तें मिळकतीच्या आंकड्यांत शोधतात. हीं तिन्ही उत्तरें आमच्या वाचकांच्या अनुभवाचीं आहेत. तिन्हींचे दोषहि त्यांस सांगावयास नकोत. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस एका परक्या समाजाकडे नेऊं इच्छितों. या समाजानें हाच प्रश्न सुमारें पांचशें वर्षें उराशीं बाळगला आहे, आणि त्याचें उत्तर अगदींच निराळ्या मार्गानें शोधलें आहे.

मेनोनाइट हें नांव पुष्कळांनीं ऐकलें नसेल. ख्रिस्ती धर्माच्या अनेक पंथांपैकीं हा एक लहान पंथ होय. इ. स. १५२५ च्या जानेवारीच्या २१ व्या तारखेस स्वित्झर्लंडांतील झूरिक शहरीं कांहीं मंडळी एका घरांत जमली आणि त्यांनीं एकमेकांस नव्यानें बाप्तिस्मा दिला. अर्भकावस्थेंत तो त्यांस मिळालेला होताच. परंतु त्यांचें म्हणणें असें कीं, ज्यास बोलतांहि येत नाहीं त्यास दिलेली दीक्षा ही दीक्षाच नव्हे. धर्म हा जाणत्या वयांत, समजून-उमजून आणि आपखुशीनें पत्करला पाहिजे. राज्य आणि चर्च हीं ज्या काळीं एकाच गाड्याचीं दोन चाकें होतीं, त्या काळीं असें बोलणें म्हणजे राजद्रोह होता. त्या मेळाव्यापैकीं फेलिक्स मान्त्स यास १५२७ च्या जानेवारींत लिम्मात नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें फ्रीजलंड प्रांतांतील मेनो सिमोन्स नांवाचा एक कॅथलिक धर्मगुरु १५३६ मध्यें आपलें पद सोडून या छळ सोसणाऱ्या लोकांस मिळाला. त्यानें विस्कटलेले लोक गोळा केले, व त्याच्याच नांवावरून पंथास नांव पडलें. शस्त्र धरावयाचें नाहीं, शपथ वाहावयाची नाहीं आणि समजत्या वयावांचून दीक्षा द्यावयाची नाहीं, हे त्यांचे मुख्य नेम होत.

अशा लोकांत पुढारी कसा असावा? १५२७ च्या फेब्रुवारींत श्लाइटहाइम या गांवीं त्यांनीं सात कलमांचा एक ठराव केला. त्यांतील एक कलम मंडळीच्या पाळकाविषयीं आहे. पाळक हा पंथाबाहेरच्या लोकांतहि चांगल्या लौकिकाचा असावा. त्यानें वाचावें, उपदेश करावा, चुकलेल्यास सांवरावें. त्यास गरज पडल्यास मंडळीनें त्याचा चरितार्थ चालवावा. आणि तोच चुकला तर दोन-तीन साक्षीदारांच्या सांगण्यावरून त्याचीहि चौकशी व्हावी. येथपर्यंत कोणत्याहि शहाण्या संस्थेच्या नियमावलींत शोभेल असेंच हें आहे. परंतु शेवटचें वाक्य वाचून मन थबकतें. पाळकास हद्दपार केलें किंवा ठार मारलें, तर त्याच घटकेस दुसरा पाळक नेमावा, असा त्याचा आशय आहे. हा ठराव करण्यांत पुढाकार घेणारा मिखाएल झाट्लर तीन महिन्यांच्या आंत जाळला गेला! ज्या पदावर बसणारास पुढील पौर्णिमा दिसेलच अशी शाश्वती नाहीं, त्या पदासाठीं उमेदवारांची झुंबड कशी उडणार? अधिकार म्हणजे लाभ नसून भार होय, ही समजूत या समाजांत अशा रीतीनें रुजली. आणि छळाचे दिवस सरल्यावरहि ती कायम राहावी म्हणून त्यांनीं जे उपाय योजले, ते आमच्या मतें विशेष पाहण्यासारखे आहेत.

याचा सर्वांत ठसठशीत नमुना आज अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या लँकेस्टर परगण्यांत दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथें जाऊन राहिलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांचे वंशज तेथें नांदत आहेत. त्यांपैकीं जुन्या वळणाच्या मंडळ्या अजून घोड्याच्या बग्गींतून प्रार्थनेस जातात. त्यांच्या कारभारांत तीन पदें असतात. अनेक मंडळ्यांवर देखरेख ठेवणारा तो बिशप. प्रत्येक मंडळींत उपदेश करणारा तो उपदेशक. आणि गोरगरिबांची विचारपूस, दानाचा हिशेब व तंट्यांची पहिली चौकशी पाहणारा तो डीकन, म्हणजे सेवक. तिघांसहि पगार नाहीं. तिघेहि इतरांप्रमाणेंच शेती किंवा कारागिरी करून पोट भरतात. धर्मशास्त्राची कोणतीहि परीक्षा त्यांनीं दिलेली नसते. आणि पद एकदां आलें कीं तें जन्मभरासाठीं.

तें येतें कसें, हें सांगण्यासारखें आहे. उपदेशक वारला, थकला, अगर मंडळी वाढून एकानें भागेनासें झालें, म्हणजे नवा माणूस नेमावा किंवा कसें, हें प्रथम सर्व सभासदांस विचारतात. होकार मिळाल्यावर ठरल्या दिवशीं सभासद एकामागून एक पुढें येतात आणि ज्याच्या ठिकाणीं योग्यता दिसते त्याचें नांव वडील मंडळींच्या कानांत हळूंच सांगतात. स्त्रियांसहि हा अधिकार आहे. स्वतः उभें राहणें, मतें मागणें, किंबहुना तशी इच्छा बोलून दाखविणें, हेंच अपात्रतेचें लक्षण समजतात. अशा रीतीनें कांहीं गृहस्थांचीं नांवें पुढें येतात. मग मेजावर सारख्या दिसणाऱ्या पुस्तकांची रांग मांडतात. जितके गृहस्थ तितकीं पुस्तकें. त्यांपैकीं एकांत कागदाची एक चिठ्ठी घातलेली असते. एकेकजण एकेक पुस्तक उचलतो. बिशप क्रमानें तीं उघडून पाहतो. ज्याच्या पुस्तकांत चिठ्ठी निघाली त्याच्या मस्तकावर तेथल्या तेथें हात ठेवून त्यास दीक्षा देतात. पहांटे गाईंचें दूध काढून आलेला शेतकरी उपदेशक होऊन घरीं परततो!

त्या वेळीं अभिनंदनास कोणी धांवत नाहीं. सभागृहांत हुंदके ऐकूं येतात, आणि ते आनंदाचे नसतात. त्या माणसाच्या पत्नीस कळून चुकलेलें असतें कीं, आजपासून आपलें घर आपलें एकट्याचें राहिलें नाहीं. पतीनें दिवसभर नांगर धरावा, रात्रीं शास्त्र वाचावें, रविवारीं हातांत कागद न घेतां उपदेश करावा, कोणाच्या घरीं मृत्यु झाला तर तेथें जावें, कोणाचा बांधाचा तंटा तर तेथें जावें. आणि त्याच्या मुलांच्या वागण्याकडे साऱ्या मंडळीचे डोळे लागावे. या रीतीस आधार म्हणून ते बायबलांतील एक प्रसंग दाखवितात: विश्वासघातकी यहूदाच्या जागीं बारावा शिष्य नेमतांना दोन नांवें पुढें आलीं, आणि चिठ्ठी टाकून मत्थिया निवडला गेला.

शिक्षकी पेशांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास येथें शंका येणें स्वाभाविक आहे. गुणांची पारख सोडून दैवावर हवाला ठेवणें हा आंधळेपणा नव्हे काय? परंतु थोडा विचार केल्यास दिसून येतें कीं, पारख झालेली असतेच. ती सर्वांनीं मिळून आधींच केलेली असते. अपात्र माणसाचें पुस्तकच मेजावर येत नाहीं. चिठ्ठीचें काम त्यापुढचें आहे. जो निवडला गेला तो असें म्हणूं शकत नाहीं कीं, मी इतरांहून थोर. जो राहिला त्यास असें म्हणतां येत नाहीं कीं, माझा पाणउतारा झाला. कोणता गट जिंकला आणि कोणता हरला, हें तर कोणासच सांगतां येत नाहीं, कारण गट पडण्यास जागाच उरलेली नसते. मात्र याची किंमतहि आहे. कधीं कधीं चिठ्ठी अशा माणसाकडे जाते कीं, ज्याच्या जिभेवर सरस्वतीनें पाऊल ठेवलेलें नाहीं. आणि मग मंडळीस तीस-तीस वर्षें त्याचेंच ऐकावें लागतें. तीं ऐकतात. तोहि बोलतो. यांत अधिक शिक्षा कोणास होते हें सांगणें कठीण!

ही रीत आपल्या देशास सर्वस्वीं अपरिचित आहे असेंहि नाहीं. तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथें पहिल्या परांतक चोळ राजाच्या वेळचे, दहाव्या शतकाच्या पहिल्या चरणांतील शिलालेख आहेत. तेथील ब्राह्मणसभेच्या समित्यांवर सभासद निवडतांना पात्र माणसांचीं नांवें पानांवर लिहून तीं घड्यांत टाकीत, आणि एका लहान मुलाकडून एक पान काढवीत. स्वतःची जमीन असावी, वय पस्तिसाच्या खालीं व सत्तरीच्या वर नसावें, वेदविद्या असावी, अशा अटी होत्या. आणि पूर्वीं काम करून हिशेब न दिलेला मनुष्य व त्याचे नातलग यांस तर घड्यांत जागाच नव्हती. दोन्हींतला फरकहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. उत्तरमेरूरचा सभासद वर्षभराचा धनी, म्हणून त्याच्यावर हिशेबाचा धाक ठेवला. लँकेस्टरचा उपदेशक जन्मभराचा, म्हणून त्याच्यावर धाक ठेवण्यासाठीं दुसरी योजना करावी लागली. ती योजनाच या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे असें आम्हांस वाटतें.

या मंडळ्यांत प्रभुभोजनाचा विधि वर्षांतून दोनदां होतो. एकदां वसंतांत, एकदां शरदांत. येशूनें शिष्यांसमवेत घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण होय. परंतु या पंक्तीस बसण्यापूर्वीं एक निराळी सभा भरते. तींत मंडळीचे नेम पुन्हां सांगितले जातात आणि मग स्त्री असो कीं पुरुष, प्रत्येक सभासदास विचारण्यांत येतें: देवाशीं आणि मंडळीशीं तुझें मन स्वच्छ आहे काय? हे नेम तुला मान्य आहेत काय? पंक्तीस बसण्याची तुझी इच्छा आहे काय? ज्याच्या मनांत कोणाविषयीं अढी असेल त्यानें ती आधीं मोकळी करावी, शेजाऱ्याकडे जावें, समेट करावा. उपदेशकाविषयींची तक्रारहि याच वेळीं पुढें येते. मन जुळलें नाहीं, तंटा फार चिघळला, तर प्रभुभोजनच पुढें ढकललें जाण्याचा प्रसंग येतो. म्हणजे बिशप कितीहि मोठा असला तरी मंडळीच्या संमतीवांचून त्यास पंगत मांडतां येत नाहीं. आणि भोजनविधीनंतर सभासद दोघे दोघे होऊन एकमेकांचे पाय धुतात. त्यांत वडीलधारा, धाकटा, बिशप, गडी असा भेद नसतो. पाहुण्यास पाद्य देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. पण गेल्या महिन्यांत ज्याच्याशीं अबोला होता त्याचेच पाय हातीं घ्यावे लागणें, ही गोष्ट निराळी.

मनें अशीं जुळलेलीं असलीं म्हणजे सहजीवनाचीं इतर अंगें आपोआप उभीं राहतात. कोणाचें धान्याचें कोठार जळालें तर शेजारीपाजारी मिळून नवें उभारतात. पुरुष लांकूडकाम करतात आणि स्त्रिया शेंकडों माणसांचा स्वयंपाक उरकतात. दवाखान्याचें मोठें बिल आलें तर तें मंडळ्या आपसांत वांटून घेतात. विमा उतरविणें हें त्यांस परस्परांवरील अविश्वासासारखें वाटतें. सरकारची म्हातारपणची पेन्शनहि त्यांनीं नको म्हटली. आमच्या म्हाताऱ्यांस आम्ही पोसूं, असें त्यांचें म्हणणें. १९६५ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें आमिश व जुन्या वळणाचे मेनोनाइट यांच्यासारख्या पंथांतील स्वतंत्र धंदा करणारांस त्या वर्गणींतून कायद्यानें सूट दिली. सरकारकडून पैसे मिळावे म्हणून अर्ज करणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मिळूं नयेत म्हणून अर्ज करणारे फार थोडे.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं, आम्ही एखाद्या सत्ययुगाचें वर्णन करीत आहों. तसें मुळींच नाहीं. सर्वांचें एकमत हवें म्हटलें म्हणजे ज्याचें मत जुळत नाहीं त्याचें काय, हा प्रश्न येतोच; आणि या पंथाच्या इतिहासांत त्याचें उत्तर बहुधा फाटाफूट हेंच आलें. बहिष्कृत माणसाशीं व्यवहार किती तोडावा, यावरून १६९३ मध्यें याकोब आमान याचे अनुयायी वेगळे झाले. तेच आजचे आमिश. १८४७ ची गोष्ट तर आम्हांस विशेष लागली. पेनसिल्व्हेनियांतच योहान ओबरहोल्ट्सर नांवाचा एक उपदेशक होता. मूळचा शाळामास्तर व कुलपें करणारा कारागीर. वडील मंडळींच्या परिषदेचे नियम लेखी असावे, एवढाच त्याचा मुख्य आग्रह. वडिलांनीं तो मानला नाहीं. लिहिलेला नियम वडिलांच्या शब्दावर मात करील, ही भीति त्यांस वाटली असावी. अखेर ओबरहोल्ट्सर व त्याच्या मताचे अनेक उपदेशक यांनीं निराळी परिषद स्थापिली. ज्या समाजानें पुढाऱ्याचा गर्व इतक्या युक्तीनें जिरविला, त्यासहि जमाखर्च आणि ठराव कागदावर येणें सोसलें नाहीं! स्त्रियांचीहि तीच कथा. नांव सुचविण्याचा अधिकार त्यांस आहे; पुस्तक उचलण्याचा नाहीं. जुन्या वळणाच्या मंडळ्यांत तो आजहि नाहीं. परंतु याच पंथाच्या उदार शाखांनीं १९११ या एकाच वर्षीं अमेरिकेंत अ‍ॅन जेमायमा अ‍ॅलेबाक आणि हॉलंडांत आनं झेर्निके या दोन स्त्रियांस उपदेशकपदाची दीक्षा दिली, हेंहि सांगितलें पाहिजे.

मात्र फुटावें कसें, याचाहि एक धडा त्यांच्याकडे आहे. १९२७ मध्यें लँकेस्टरच्या जुन्या वळणाच्या मंडळ्यांत मोटारीवरून दोन तट पडले. एकांनीं मोटार पत्करली, पण तिची चकाकी नको म्हणून ती काळ्या रंगाची ठेवली. दुसऱ्यांनीं बग्गी सोडली नाहीं. समेट झाला नाहीं, आणि ते विभक्त झाले. परंतु कांहीं प्रार्थनागृहें दोघांनीं सामाईक ठेविलीं. एका रविवारीं अंगणांत काळ्या मोटारी उभ्या असतात, तर पुढच्या रविवारीं घोडे. आमच्या ओळखीच्या किती घरांत वांटणीनंतर विहिरीवर भिंत आली, तें आठवून आम्हांस हें वर्णन पुन्हां वाचावेंसें वाटलें.

आज जगांत या पंथाचे वीस लाखांहून अधिक दीक्षित सभासद आहेत आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिका या खंडांत आहेत. आपल्याकडे अमेरिकेंतील मेनोनाइट १८९९ मध्यें आले. नागपूर ही ज्याची राजधानी, त्या मध्य प्रांतांत धमतरी येथें पहिले अमेरिकन मेनोनाइट उतरले तेव्हां दुष्काळ पडला होता, आणि अन्न देणें व अनाथ मुलें सांभाळणें हेंच त्यांचें आरंभींचें काम झालें. धमतरी आतां छत्तीसगडांत आहे. बहुतेक ठिकाणीं आज चिठ्ठीची चाल उरलेली नाहीं. अमेरिकेंतील नव्या वळणाच्या मंडळ्यांनीं विसाव्या शतकांत ती क्रमाक्रमानें सोडली. तेथें शिकलेला पाळक पगारावर नेमतात, आणि निवडलेली समिति अंदाजपत्रक पाहते. पण जुना बाणा प्रसंगीं जागा होतो. १९८२ मध्यें इथिओपियाच्या साम्यवादी सरकारनें तेथील ‘मेसेरेते क्रिस्तोस’ या मेनोनाइट मंडळीवर बंदी घातली, मालमत्ता जप्त केली व पुढाऱ्यांस तुरुंगांत टाकलें. त्या वेळीं सभासद सुमारें ५,००० होते. मंडळी लहान लहान गटांनीं घरोघर जमूं लागली आणि गटागटांतून साधीं माणसें पुढारीपण करूं लागलीं. १९९१ मध्यें तें सरकार कोसळलें तेव्हां सभासद भरले सुमारें ३४,०००! पाळक गेल्यास त्याच घटकेस दुसरा, हा श्लाइटहाइमचा नेम असा साडेचारशें वर्षांनंतर फळास आला.

आतां, आमच्या वाचकांनीं घरचा कारभारी चिठ्ठ्या टाकून नेमावा, असें आम्ही सुचवीत नाहीं. आपल्या घरांत कारभार कोणाकडे जावयाचा तें बहुधा वयानें किंवा परिस्थितीनें ठरलेलेंच असतें. परंतु कारभार कोणाकडेहि असो, वर्षांतून दोनदां तरी घरांतील प्रत्येकास, धाकट्या सुनेस, न मिळवत्या दिरास, जाणत्या मुलामुलींस, समोर बसवून विचारावें कीं, तुमचें मन स्वच्छ आहे काय. आणि उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर तें ऐकून घेईपर्यंत पंगत थांबवावी, एवढें आपल्या हातीं खास आहे. दिवाळी आणि पाडवा हे दोन दिवस त्यास पुरेसे आहेत. विचारणाराची थोरवी त्यानें कमी होणार नाहीं. उलट, घर मोडण्यापूर्वीं त्याच्या भिंतीस गेलेला तडा कोठें आहे, तें त्यास वेळींच दिसेल. आणि हिशेबाची वही मात्र लिहिलेली असावी. ओबरहोल्ट्सर मास्तरांचें तेवढें ऐकावयास आपण हरकत घेऊं नये.